फोरमनची उंच जीप

सासरे दुकानात शिरले ते थेट टायरांच्या चळतीपाशी गेले, सगळ्यात वरच्या टायरवर ठाण मांडून बसले आणि म्हणाले, "जावईबापू, जीप उंच करायची."

टायरवाल्याच्या हातातली हवेची नळी तशीच फुसफुसत राहिली. समोर गिऱ्हाइकाची गाडी उभी होती, एका चाकात हवा भरून झाली होती, तीन बाकी होती, आणि तो मात्र सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"उंच म्हणजे?"

"उंच म्हणजे उंच. स्प्रिंगचे पाटे बदलायचे, शॉकॲब्सॉर्बर बदलायचे, मोठे टायर घालायचे. तू टायरवाला, तुला मी समजावून सांगू?"

सासऱ्यांना सगळे फोरमन म्हणायचे. विजेच्या मोठ्या तारा डोंगरांवरून जातात त्या मनोऱ्यांची देखभाल करणारी टोळी उभा जन्म त्यांच्या हाताखाली होती. वादळ असो की धुकं, तार तुटली की जीप काढायची, टोळी भरायची आणि जिथवर चाक जाईल तिथवर न्यायची. निवृत्त झाले त्याच सुमारास खात्याने जुनी जीप लिलावात काढली, तेव्हा ती दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नये म्हणून त्यांनीच घेतली. पुढे बायको गेली. मुलीच्या घरामागच्या गल्लीत दोन खोल्यांत ते एकटे राहू लागले, आणि जीप खिडकीखाली उभी राहू लागली. लेकीला ते ठकी म्हणत. ठकीचं लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली होती, डोक्यात चार पांढरे केस दिसू लागले होते, तरी ती ठकीच.

"कशाला हवी उंच?" टायरवाल्याने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं.

"खिंडीपलीकडच्या पठारावर जायचंय. आमच्या टोळीची पत्र्याची खोली अजून आहे म्हणतात. गेल्या खेपेला पोट अडकलं ना दगडावर."

गेल्या खेपेचं नाव निघालं तसा टायरवाला दुसऱ्या चाकाकडे वळला. त्याने नळी चाकाला लावली आणि पाठ फिरवून हवा भरत बसला.

गेल्या खेपेला दोघेच गेले होते. पठारावरच्या वाटेची पावसाने चाळण केली होती. मधोमध घळी पडल्या होत्या, त्यांतून दगड उघडे पडले होते. जीप एका दगडावर अशी बसली की मागच्या चाकांच्या आसाचा लोखंडी गोळा त्यावर टेकला आणि चाकं नुसती फिरत राहिली. दोघांनी घामाघूम होऊन जॅक लावला, दगड भरले, कशीबशी गाडी मागे घेतली. फोरमन त्या गडबडीत वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखे ओरडत होते. खरी गोष्ट घडली ती परतीच्या वाटेवर, चांगल्या डांबरी रस्त्यावर.

टायरवाला शेजारी बसून काहीबाही बोलत होता. उत्तर आलं नाही म्हणून त्याने वळून पाहिलं. फोरमनचे डोळे सताड उघडे होते. ते समोर बघत होते, पण बघत नव्हते. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते, हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले होते आणि पाय ॲक्सिलरेटरवर तसाच. समोर वळण होतं आणि जीप सरळ चालली होती. टायरवाल्याने स्टिअरिंग आपल्याकडे ओढलं, हँडब्रेक खेचला. जीप रस्ता सोडून मातीच्या उतारावर चढली आणि बंद पडली.

थोड्या वेळाने फोरमननी मान हलवली. "का थांबवलीस?" त्यांनी विचारलं. मग जीप कुठे चढली आहे ते त्यांना दिसलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"डोळा लागला जरा."

"बाबा, डोळे उघडे होते तुमचे."

"दमलो होतो. दगड उचलले ना." मग त्यांनी त्याचा दंड धरला. पकड अजून फोरमनचीच होती. "ठकीला सांगायचं नाही. तिची आई गेल्यापासून ती मला काचेच्या भांड्यासारखं जपते. हे कळलं तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही. शब्द दे."

टायरवाल्याने शब्द दिला. त्या क्षणी कोणीही दिला असता. उरलेला रस्ता त्याने स्वतः गाडी चालवली.

पण नंतर एकदा दुकानात बोलता बोलता फोरमन अर्ध्या वाक्यात थांबले, हातातला चहाचा कप कलत कलत मांडीवर सांडला, आणि त्यांना चटका बसल्याचं कळलं ते जरा उशिराने. त्या दिवशी टायरवाला बोलला, "डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर, कोणाला सांगत नाही." फोरमन म्हणाले, "जाऊ की." ते 'जाऊ की' तिथेच राहिलं.

ठकी ब्रेडच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला होती. पहाटे अंधार असताना फोरमन तिला जीपने सोडायला जात. बापलेकीचा तो ठरलेला कार्यक्रम होता. जीप खडखडत गल्लीतून निघाली की शेजारी म्हणत, निघाले फोरमन कामावर. टायरवाला ती खडखड अंथरुणात पडून ऐके आणि ती खडखड परत येईपर्यंत श्वास धरून राही. शेवटी त्याने एक जुनी पण चांगली स्कूटर आणून दारात उभी केली. "किती दिवस वडलांच्या जिवावर जाशील? स्वतःची गाडी असावी बाईमाणसाला." ठकीला काय आनंद झाला! तिने सगळ्या कारखान्यात सांगितलं, नवऱ्याला आजकाल माझी फार काळजी. टायरवाल्याला ते ऐकून जेवण गेलं नाही.

आणि आता हे, जीप उंच करायची म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून फोरमन रोज दुपारी दुकानात येऊ लागले. शेजारच्या शेडमधला मिस्त्री पाट्यांचं काम करायचा, त्यालाही ते हाक मारून बोलावत. मग तिघांची मसलत चाले. फोरमन टायरच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवून बघत, बाजूवर कोरलेला, टायर बनल्याच्या आठवड्याचा आकडा चष्मा कपाळावर सरकवून वाचत, नक्षीतल्या उंच रबरी गोट्यांमध्ये बोट घालून खोली अजमावत.

"तेहतीस इंची घालू," ते म्हणत. "चिखलाचे. मोठ्या गोट्यांचे."

"बाबा, तुमचे आत्ताचे आहेत ते किती लहान आहेत बघा. त्यावरून एकदम तेहतीस म्हणजे हत्तीचे पाय मांजराला."

मिस्त्री हसला. "टायरवाले बरोबर बोलतात, फोरमन. तेहतीस बसवायचे तर गाडी चांगली वीतभर वर न्यावी लागेल. मग शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकचे पाइप आखूड पडतात, ते लांब घालावे लागतात. शिवाय एवढं जड चाक ओढायला इंजिनात दम पाहिजे."

"मग नुसते पाटे बदल."

"नुसत्या पाट्यांनी गाडीचं पोट वर जातं, आस जमिनीपासून तेवढाच राहतो. तुमचा तो गोळा पुन्हा दगडावर बसणार. तो वर न्यायचा तर टायरच मोठा पाहिजे, आणि मोठा टायर मडगार्डला घासू नये म्हणून पाटे."

"म्हणजे दोन्ही."

"दोन्ही, पण बेताने."

टायरवाला 'बेताने' या शब्दाला लोंबकळला. जीप जितकी उंच तितकी कलंडायला सोपी, हे त्याने वहाणा उभ्या करून दाखवलं. मोठ्या टायरने ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, हे सांगितलं. वेगाचा काटा खोटं दाखवायला लागतो, स्टिअरिंग जड होतं, चिखलाचे टायर ओल्या डांबरावर साबणासारखे घसरतात. बोललेला शब्द न् शब्द खरा होता. कुठल्याही गिऱ्हाइकाला त्याने तेच सांगितलं असतं. तरी दर वाक्यासरशी त्याला वाटे की आपण खोटं बोलतोय, कारण जे एकच वाक्य बोलायचं होतं ते सोडून तो बाकीची सगळी बोलत होता.

फोरमन मात्र खुशीत होते. दाढी रोज होऊ लागली. जेवायला येत तेव्हा ताटाच्या कडेने बोटाने पठाराचा नकाशा काढत. ठकी म्हणाली, "आई गेल्यापासून बाबांना असं बघितलं नव्हतं. तू फार चांगलं केलंस. एवढं मन लावून कोण जावई करतो?"

तो पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसला.

अखेर निवड झाली. थोडे जास्त कमानदार पाटे, त्यांच्या मापाचे शॉकॲब्सॉर्बर, लांब ब्रेक पाइप आणि एकतीस इंची टायर, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे. फोरमननी तेहतीसचा हट्ट सोडला तो कुरकुरत. "तुमचंच ऐकतो. तुम्ही दोघं एकीकडे झालात."

माल मागवला. माल आला. टायरवाल्याने पाट्यांचे गठ्ठे आणि खोकी दुकानाच्या माळ्यावर जुन्या ट्यूबांच्या मागे ढकलली आणि फोरमनना सांगितलं, "अजून नाही आला. गोदामात नाहीये म्हणतात."

आठवडे गेले. फोरमन रोज विचारत आणि तो रोज नवी थाप मारी. गाडी वाटेत बिघडली, चुकून दुसऱ्याच मापाचा आला, परत पाठवला. त्याला मनातून वाटत होतं की असंच लांबत गेलं तर हुरूप ओसरेल, थंडी येईल, म्हातारा माणूस विसरून जाईल. विसरून जाईल या विचाराची त्याला स्वतःलाच शरम वाटे.

एके दिवशी ठकी पाळी सुटल्यावर दुकानात आली. टायरवाला पंक्चर काढायला रस्त्यापलीकडे गेला होता. मिस्त्री शेडच्या दारात बसून हात पुसत होता.

"बाबांच्या गाडीचं सामान कधी येणार हो?" तिने सहज विचारलं.

"येणार? ताई, कधीचं माळ्यावर पडलंय. मीच उतरवून घेतलं की. मी विचारतोय टायरवाल्यांना, कधी जोडायचं, तर म्हणतात, बघू."

ठकी दुकानात गेली, शिडी लावली, वर चढली. टायरवाला परत आला तेव्हा ती खाली उतरत होती. हाताला धूळ लागली होती. ती स्कूटर सुरू करून निघून गेली.

घरी पोचल्यावर मात्र तिने त्याला चप्पलसुद्धा काढू दिली नाही.

"का रे? म्हाताऱ्या माणसाला असं झुलवताना तुला काहीच वाटलं नाही? रोज आशेनं येतात ते. तुला न्यायचं नव्हतं तर तोंडावर नाही म्हणायचं."

"तसं नाही."

"मग कसं? बोल ना. मिठाची गुळणी धरलीयस का?"

आणि मग त्याने सांगितलं. वळण, उघडे डोळे, चघळणारे ओठ, मातीचा उतार, चहाचा कप, दिलेला शब्द. सांगताना तो भिंतीवरच्या बटणाकडे बघत होता.

ठकी ओट्याला टेकून उभी होती. मग म्हणाली, "मी रोज पहाटे त्या गाडीत बसत होते."

"म्हणून तर स्कूटर..."

"म्हणून स्कूटर." तिने ते शब्द पुन्हा उच्चारले, जणू चव बघत होती. "मला वाटलं प्रेमानं आणलीस."

"प्रेमानंच आणली."

"गप्प बस. स्कूटर येईपर्यंत किती दिवस गेले? तेवढे दिवस तू अंथरुणात पडून राहिलास आणि मला त्या गाडीत बसू दिलंस. आणि मी स्कूटरवर गेल्यावर? रस्त्यावरचे लोक कोणाचे कोणीच नाहीत का?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वडलांकडे गेली. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चेहऱ्यावर जरा हलकेपणा होता. "रागावले, पण ऐकलं. सोमवारी डॉक्टरकडे यायचं कबूल केलंय. तोवर गाडी चालवणार नाही म्हणाले." मग दार लावता लावता तिने बजावलं, "आणि हे बाहेर कुठे बोलू नकोस. मिस्त्रीला नाही, कोणाला नाही. बाबांना भलत्या नजरेनं बघतील लोक."

त्याने मान हलवली. मान हलवण्याची आता सवयच झाली होती.

फोरमन दुकानात आले ते त्यानंतरच्या दुपारी. चळतीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "माझं सामान दे."

"बाबा, सोमवार होऊन जाऊ द्या. डॉक्टर काय म्हणतात ते..."

"सामान माझं आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला मी मुलगा मानलं होतं. मुलगा असता तर शब्द पाळला असता."

ते पाट्यांएवढंच जड होतं. टायरवाल्याने मिस्त्रीच्या मदतीने माळ्यावरून खोकी उतरवली. पण चार टायर त्याने दिले नाहीत. "ते सोमवारनंतर," तो म्हणाला. त्याला वाटलं, टायरशिवाय गाडी कुठे जाते? जुन्या टायरवर पठार गाठता येत नाही हे फोरमनना पक्कं माहीत आहे. आपण खुंटा बळकट केलाय, असं त्याला त्या दिवशी खरंच वाटलं.

मिस्त्रीने दोन दिवसांत काम केलं. का करणार नाही? त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. सासऱ्या-जावयाचं काहीतरी बिनसलंय एवढंच त्याला दिसलं, आणि घरगुती भांडणात पडू नये म्हणून तोही मूग गिळून गप्प राहिला. फोरमननी टायर बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणले. तेहतीस इंची, चिखलाचे. मिस्त्री म्हणाला, हे घासतील. फोरमन म्हणाले, घासू देत.

सोमवार उजाडायच्या आधी रविवार आला. सकाळी ठकी नाश्ता घेऊन वडलांकडे गेली आणि तशीच धावत परत आली. "खिडकीखाली गाडी नाही."

दोघे टायरवाल्याच्या टेम्पोतून निघाले, गेल्या खेपेच्याच घाटरस्त्याने. ठकीने सीटची कड दोन्ही हातांनी धरली होती. रस्ताभर ती प्रत्येक वळणावर खाली वाकून बघत होती, दरीत काही दिसतं का. टायरवाल्याला ते बघवत नव्हतं आणि सांगवतही नव्हतं की बघू नकोस.

जीप सापडली ती पठाराची कच्ची वाट जिथे फुटते तिथे. रस्त्याच्या कडेला उभी होती, इंजिन चालू. आधी ओळखूच आली नाही, इतकी उंच झाली होती. एखादा ओळखीचा माणूस लांब पायांवर उभा राहावा तशी. फोरमन आत बसले होते, दोन्ही हात मांडीवर.

ठकीला दार गाठायला पायरीवर चढावं लागलं. "बाबा!"

"बरा आहे मी," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "बरा आहे. बंद कर ते इंजिन. मला किल्ली सापडेना."

किल्ली जागच्या जागी होती. टायरवाल्याने हात घालून ती फिरवली. सगळीकडे शांत झालं.

"पुलापर्यंतचं आठवतं," फोरमन समोर बघत म्हणाले. "पुलावर मी हॉर्न वाजवला. मग एकदम इथे. मधला रस्ता... मधला रस्ता नाहीच माझ्याकडे."

टायरवाला जीपच्या पुढे गेला. का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. पुढच्या बंपरची डावी बाजू आत दबली होती, मडगार्डला चर पडला होता, आणि त्यावर बोटभर रुंद निळा रंग फासला गेला होता. त्याने बोट लावलं. रंग ओला होता.

"बाबा," त्याने विचारलं, "कशाला धडकली गाडी?"

फोरमननी त्याच्या निळ्या बोटाकडे पाहिलं. मग ते हळूच, एकेका हाताने आधार घेत, त्या उंच गाडीतून खाली उतरले, बंपरपाशी आले, आणि तो निळा रंग बघून त्यांनी बंपरचा आधार घेतला. टायरवाल्याने त्यांना काखेत धरलं.

"कोण होतं?" ते म्हणू लागले. "अरे, कोण होतं तिथे?"

तिघे टेम्पोतून परत फिरले, फोरमन आले होते त्या पुलाच्या रस्त्याने, सावकाश, रस्त्याच्या दोन्ही कडा बघत. तो रस्ता कधी संपतच नाही असं टायरवाल्याला वाटलं. निळं काही दिसलं की तो टेम्पो थांबवी. प्लास्टिकचं पिंप निघे, कोणाच्या तरी दोरीवरचा शर्ट निघे.

पुलाच्या पठाराकडच्या बाजूला बसथांब्याची शेड होती. अर्धी निळी रंगवलेली, अर्धी गंजकी. खाली शिडी वाकडी होऊन पडली होती आणि रस्त्यावर निळ्या रंगाचं थारोळं पसरलं होतं, त्यातून चाकांचे मोठमोठ्या गोट्यांचे ठसे पठाराच्या दिशेने उमटत गेले होते. शेडपाशी चार माणसं उभी होती.

"रंगारी होता," त्यांतली एक बाई म्हणाली. "शिडीवरून पडला. आत्ताच नेला दवाखान्यात. तो उंच जीपवाला थांबलासुद्धा नाही बघा. काळीज आहे का लोकांना?"

"मीच तो," फोरमन म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघत राहिली.

रंगारी जिवंत होता. मांडीचं हाड मोडलं होतं आणि खांदा निखळला होता. दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी फोरमन हात जोडून उभे राहिले तेव्हा तो वेदनेतही चकित होऊन म्हणाला, "मी ओरडलो हो. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. अगदी माझ्याकडे. मला वाटलं आता वळवतील."

फोरमननी पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन सगळं सांगितलं. परवाना त्यांनी मागायच्या आधीच टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी डोक्याच्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, ही एक प्रकारची फिट आहे, माणूस पडत नाही, नुसता काही क्षण नाहीसा होतो; पहिल्यांदा झालं तेव्हाच आला असतात तर गोळ्यांनी आटोक्यात राहिलं असतं. डॉक्टर हे रोजच्याच सुरात बोलले. ठकीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

मिस्त्री दवाखान्याच्या पायऱ्यांवर भेटला. तो फार चिडलेला होता. "मला एक शब्द सांगायचा होतात. एकच. मी गाडी जॅकवरून खाली घेतलीच नसती. माझ्या हातचं काम आहे ते, टायरवाले. मी आता त्या माणसाच्या बायकोला काय तोंड दाखवू?"

"मी सांगणार होते," ठकी मध्येच म्हणाली. "नाही, खोटं. मीच यांना सांगू नका म्हटलं."

मिस्त्रीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि निघून गेला. शेड शेजारीच, तरी पुढे कित्येक महिने त्याने दुकानात पाऊल टाकलं नाही. बोलायचं झालंच तर कामापुरतं बोले, तेही गिऱ्हाइकाच्या मार्फत.

रंगाऱ्याचं हाड जुळायला वेळ लागला. फोरमन रोज बसने त्याच्या घरी जात. सुरुवातीला त्याच्या बायकोने त्यांना दारातूनच परत पाठवलं. मग एक दिवस आत घेतलं, कारण नवऱ्याला धरून चालवायला माणूस हवा होता आणि त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. रंगारी पुन्हा चालू लागला, पण शिडीवर चढेना. पाय थरथरतात म्हणायचा. आता तो खाली उभा राहून दारं-खिडक्या रंगवतो. काम कमी मिळतं.

जीप फोरमननी विकून टाकली. कोणाला विकली ते सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही.

टायरवाल्याशी ते बोलत नव्हते असं नाही. जेवायला येत, भाजी वाढ म्हणत, पंख्याचा वेग कमी कर म्हणत. पण दुकानात यायचे ते थांबले. एकदा मात्र आले. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. दाराशीच उभे राहून म्हणाले, "एक विचारायचं होतं."

"बसा ना, बाबा."

"नको. तू माझा शब्द पाळलास का?"

टायरवाल्याला प्रश्न नीट कळला नाही. "बाबा, मी सांगितलं ठकीला. तुम्ही त्याच्यावरून..."

"ते नंतर. त्याआधी. इतके महिने तू पाळलास. का पाळलास? मी दमदाटी केली म्हणून? तू शहाणा माणूस. मला त्या दिवशी धरून डॉक्टरकडे नेलं असतंस, चार शिव्या घातल्या असत्या मी, आणखी काय केलं असतं?"

टायरवाल्याने तोंड उघडलं. तुम्हीच तर हात धरून मागितलात, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं. पण समोर उभा असलेला माणूस ते जाणून होता, आणि तरी विचारत होता.

"भीती वाटली," तो शेवटी म्हणाला. "तुमचं मन मोडेल म्हणून. आणि ठकी माझ्यावर चिडेल म्हणून. आणि मग दिवस जात गेले."

फोरमननी मान डोलावली. "मलाही भीतीच वाटली," ते म्हणाले. "माझी ती मोठी. तुझ्यावर ढकलता येत नाही. पण ढकलावीशी वाटते, काय करू." आणि ते बस पकडायला निघून गेले.

घरात सगळं पूर्ववत चालतं असं वरून बघणाऱ्याला वाटेल. ठकी पाळीला जाते, येते. दोघं एकत्र जेवतात, हसतातही कधी कधी. फक्त एक नवी गोष्ट झाली आहे. संध्याकाळी भांडी आवरून झाली की ती ओट्याला टेकते, हात पुसते आणि विचारते, "आज काही सांगायचं राहिलंय का?"

"नाही," तो म्हणतो.

ते खरंच असतं. ती ते ऐकते, पण लगेच हलत नाही. हातातलं फडकं नीट घडी घालते, पुन्हा उलगडते, आणि त्याच्या तोंडाकडे बघत आणखी थोडा वेळ तशीच उभी राहते.